तिन्ही मैफलींतला खोकला

बँकेत तिला भिंगबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे; पण तिला ते माहीत होतं, आणि कोण कोण म्हणतं हेही माहीत होतं. सह्या पडताळायच्या टेबलावर तिने एकोणतीस वर्षं काढली होती. काउंटरवर एखाद्या सहीची शंका आली की कागद मागच्या खोलीत तिच्यापुढे येई. ती नमुन्याचं कार्ड काढी, भिंग लावी आणि मान हलवी. मान आडवी हलली की व्यवस्थापकसुद्धा वाद घालत नसत.

नव्या कारकुनांना ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगे. "सही थोडी चुकली म्हणून घाबरू नका. माणूस घाईत असतो, उभ्या उभ्या लिहितो, कधी बोट दुखत असतं. सही तंतोतंत जुळली, तर मात्र सावध व्हा. खरा माणूस दोनदा एकसारखी सही करूच शकत नाही. तशी दिसली की समजायचं, कोणीतरी गिरवली आहे."

हा नियम तिने बँकेपुरता ठेवला असता तर पुढचं काही झालं नसतं.

तिचा थोरला भाऊ जहाजावर भांडारपाल होता. सुट्टीवर आला की तो ब्रिटिश गायकांच्या कॅसेट आणायचा. बडे गायक नव्हेत. स्वतःच शब्द लिहिणारी, स्वतःच चाल लावणारी, एक गिटार घेऊन कुठल्यातरी छोट्या खोलीत गाणारी नवखी पोरं-पोरी. पुढे भाऊ दूरच्या एका बेटावर स्थायिक झाला, तेव्हा अशा गायकांना शोधायचं काम तिने अंगावर घेतलं. दर महिन्याला एक गायक, एक पान : 'हा ऐक, आणि यासाठी ऐक.' भावाने ती पानं मित्रांना दाखवली, मित्रांनी त्यांच्या मित्रांना. आता ते पान ईमेलने सहाशेहून जास्त लोकांकडे जात होतं. त्यांतल्या बहुतेकांनी ब्रिटन नकाशाबाहेर पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्या रेडिओवर हे गायक कधी लागणार नव्हते. "नाव झालेल्यांना माझी काय गरज?" असं ती म्हणे.

पण नाव न झालेल्यांवर तिचा विश्वास होता असं मुळीच नाही. घरमालक नव्या भाडेकरूची करतो तशी ती गायकाची चौकशी करी. गाण्याखालच्या शंभर कौतुकांत एकच वाक्य चारदा आलं की ती नाक मुरडे. 'गरिबीतून वर आलेली' म्हणवणाऱ्या एका मुलीच्या मागे भिंतीवर चार महागड्या गिटारी टांगलेल्या पाहून तिने त्या मुलीवर फुली मारली होती. नवरा म्हणायचा, "तू गाणं ऐकतेस की पंचनामा करतेस?"

लिफ्टवाला सापडला तो तिच्या धाकट्या जावेला. जाऊ शेजारच्याच घरात राहायची आणि तिला सगळंच पटकन आवडायचं.

"जाऊबाई, हा ऐकाच! लिफ्ट दुरुस्त करतो बिचारा, आणि काय लिहितो! बाप जिना चढून घरी येतो, बस, एवढंच गाणं. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं."

"तुझ्या डोळ्यांत जाहिरात बघूनही पाणी येतं," भिंगबाई म्हणाली. तरी तिने वही काढली.

गाणं चांगलं होतं. आवाज थोडा खरबरीत, शब्द साधे. म्हणूनच तिचा संशय चाळवला. तिने त्याच्या तीन मैफलींची चित्रणं शोधली; तीन वेगळी गावं, तीन वेगळे हॉल. पहिल्यात तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी तो खोकला. दोन ठसके, मग छोटा विराम, मग ओळ. दुसरं लावलं. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी खोकला, दोन ठसके, छोटा विराम. तिसऱ्यातही तेच. तिने वहीत वेळा लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं. तिच्या लेखी निकाल लागला होता. गाणं आधीच ध्वनिमुद्रित केलेलं, आणि हा माणूस तिन्ही ठिकाणी नुसते ओठ हलवत होता.

एरवी त्याचं पान लिहायचं नाही, एवढ्यावर ते मिटलं असतं. पण तो आठवडा वेगळा होता. शहरातल्या एकशेवीस खुर्च्यांच्या सभागृहाचे चालक वर्षातून एकदा असा एक नवा ब्रिटिश गायक जाण्यायेण्याचा खर्च देऊन बोलावत. इथे गायलेल्याला आजूबाजूच्या देशांतून बोलावणी येत. तिघाजणांचं तर त्यावर पोट चालू झालं होतं. निवड भिंगबाईच्या शब्दावर होई. यंदाच्या दोन नावांत लिफ्टवाला होता.

बुधवारी चालकांचा फोन आला तेव्हा तिने एवढंच सांगितलं, "हा नको. ढोंगी आहे. तीन मैफलींत एकच खोकला."

"झालं तर मग," चालक म्हणाले. "दुसऱ्याचं नाव घालतो. सोमवारी पत्रक छापायला जाईल."

हे जावेला कळलं तेव्हा ती तणतणत आली. "एका खोकल्यावर माणूस बाद? उद्या मी शिंकले तर मलाही घराबाहेर काढाल!"

"तू तीन ठिकाणी एकाच क्षणी शिंकलीस तर काढीन."

"विचारलंत तरी का त्याला?"

"चोराला विचारून चोरी सिद्ध होते होय?"

जाऊ घरी गेली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने स्वतःच त्याला लिहिलं. शनिवारी सकाळी उत्तर आलं, तसं तिने ते भिंगबाईच्या नाश्त्याच्या ताटाशेजारी आपटलं.

त्याने लिहिलं होतं : 'खोकला माझा नाही, वडिलांचा आहे. आमच्या इमारतीची लिफ्ट कायम बंद. आम्ही चौथ्या मजल्यावर. वडील तिसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबत, दोनदा खोकत, दम घेत. वर आईला ते ऐकू येई आणि ती चहाचं पाणी ठेवी. खोकल्याशिवाय ते कडवं सुरूच होत नाही. लोकांना कळत नसेल तर चूक माझी.'

"आता बोला," जाऊ म्हणाली.

"उत्तर फारच छान आहे," भिंगबाई म्हणाली. "म्हणूनच पटत नाही. तू विचारून त्याला रचायला वेळ दिलास."

"धन्य आहे! बरं लिहिलं तर रचलं, वाईट लिहिलं असतं तर?"

भिंगबाईने चहा तसाच ठेवला. तिला त्याच्यावर विश्वास नव्हता, पण आता स्वतःच्या वहीवरही पुरता राहिला नव्हता. तिने वही उघडली. तीन वेळा लिहिलेल्या होत्या, तिन्ही खोकल्याच्या. त्यापलीकडे काहीच नव्हतं. खोकला जुळला, तिथेच तिने ऐकणं थांबवलं होतं.

ती पुन्हा बसली, आणि या वेळी खोकला सोडून बाकीचं ऐकलं. एका हॉलमध्ये गिटारची एक तार उतरली होती आणि तो तसाच रेटत होता. दुसऱ्यात त्याने 'जिना' ऐवजी 'दार' म्हटलं आणि पुढची ओळ सावरताना हसला. तिसऱ्यात गाणं अकरा सेकंद लांबलं होतं. कुठलंच कडवं दुसऱ्यासारखं नव्हतं. गिरवलेलं असं नसतं, हे तिच्याइतकं कोणाला कळणार?

तरीही तिने त्याच्या पत्राखालच्या नंबरवर फोन लावला, न कळवता, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत. शनिवारीही तो कामावर होता. मागे लोखंडावर काहीतरी ठोकल्याचा आवाज येत होता.

"त्या वळणापासून तुमच्या दारापर्यंत पायऱ्या किती?" तिने नमस्कारही न करता विचारलं.

"माहीत नाही."

"रोज चढत होतात आणि माहीत नाही?"

"मी मोजत नव्हतो हो, पळत होतो. वडिलांनी मोजल्या असतील." मग म्हणाला, "तुम्ही कोण बोलताय?"

तिने नाव सांगितलं. त्याने मागची ठोकाठोक थांबवायला सांगितली. तिच्या पानाबद्दल त्याने ऐकलं होतं, एवढं तेवढ्यावरून तिला कळलं.

एकोणतीस वर्षांत खोटी सही घेऊन आलेल्या प्रत्येकाने तिला सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती. जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव, घरासमोरचं झाड. 'माहीत नाही' म्हणणारे बहुधा खरे निघत. तिने फोन ठेवला आणि लगेच चालकांना लावला.

"मी चुकले. लिफ्टवाला खरा आहे. त्यालाच बोलवा."

"बाई, बुधवारी तो ढोंगी होता. शनिवारी गुणी झाला. मध्ये काय झालं?"

तिने खोकल्याचं सांगितलं, तारेचं सांगितलं, पायऱ्यांचं सांगितलं. सांगताना तिलाच ते लंगडं वाटलं.

"म्हणजे तुम्ही त्याच्याशी बोललात," चालक म्हणाले. "कोणाच्या ओळखीतून?"

"माझ्या जावेने लिहिलं होतं त्याला."

"हां. जाऊ." तो 'हां' तिला चांगला ओळखीचा होता. ती स्वतः तो टेबलावर दिवसातून दहादा काढायची. "रागावू नका, पण तुमच्याच शब्दांत सांगतो. आधी नाही आणि मग हो, असा कागद माझ्यापुढे आला तर मी तो बाजूला ठेवतो."

तोंडाशी आलेलं उत्तर तिने गिळलं, कारण चालकांच्या जागी ती असती तर तिनेही हेच विचारलं असतं, बहुधा आणखी वाईट भाषेत.

"बाजूला ठेवा," ती म्हणाली. "पण मला बाजूला ठेवा, त्याला नको. माझं काही ऐकू नका. तिन्ही मैफली पाठवते, तुम्ही ऐका. खोकला सोडून ऐका. नाही पटलं तर दुसऱ्याला बोलवा, मी चकार शब्द काढणार नाही."

"सोमवारी छापायला द्यायचंय."

"उद्या रविवार आहे. तीन वेळा ऐकायला वीस मिनिटं लागत नाहीत."

रविवारी फोन आला नाही. जाऊ दोनदा डोकावून गेली. भिंगबाईने फोन करायचा नाही असं ठरवलं होतं आणि ते पाळलं. आता एक शब्द जास्त बोललं तरी त्याच्या बाजूचं वजन कमी होईल, हे तिला कळत होतं.

सोमवारी दुपारी बँकेत चालकांचा संदेश आला. 'लिफ्टवाल्याला कळवलं. तार उतरलेली मैफल मला सर्वांत आवडली. दरवर्षी पत्रकावर तुमचं नाव असतं, यंदा घालत नाही. गैरसमज नसावा.'

संध्याकाळी जावेने तो वाचला आणि ती उसळली. "एवढं केलंत आणि नाव काढलं? भांडा ना त्यांच्याशी!"

"कशाला?" भिंगबाई म्हणाली. "मीही घातलं नसतं."

मग तिने या महिन्याचं पान लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीत लिहिलं की या गायकाला मी आधी ढोंगी ठरवलं होतं, आणि ते का. जाऊ खांद्यावरून वाचत होती.

"हे वाचून लोक तुमचं ऐकायचं सोडतील हं."

"त्याचं ऐकलं म्हणजे झालं," ती म्हणाली, आणि दुसरी ओळ लिहू लागली.