वेलची नसलेली केळी

स्पष्टच सांगते, एअर फ्रायर आमच्या घरात चैन म्हणून आला नाही. बाबांच्या छातीमुळे आला. फोडणीचा जरा धूर झाला की त्यांना असा खोकला लागतो की आई गॅस बंद करून त्यांची पाठ चोळत बसते आणि कढईतली भाजी अर्धी कच्ची राहते. बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात आयुष्यभर ऑपरेटर होते. निरोपाच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. छातीत जे दिलं, त्याचा समारंभ झाला नाही.

आम्ही चिखलोलीच्या बाजूला राहतो. बिल्डरच्या जाहिरातीत आमच्या बिल्डिंगच्या मागे डोंगर होता. डोंगर आहेच. पण डोंगर आणि आमच्या मधे कारखान्यांच्या चिमण्या आहेत, त्या जाहिरातीवाल्याने पुसून टाकल्या होत्या. संध्याकाळी कुणीतरी गॅस सोडतं. डोळे चुरचुरतात, घशात कुणी घासणी फिरवल्यासारखं होतं. कोण सोडतं? कुणीच सोडत नाही. विचारा कुणालाही. म्हणून आम्ही काही जणांनी संघर्ष समिती काढली आणि पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे आलं. "वास आला की थाळी वाजवा! खिडक्या लावा! ओला टॉवेल फटीत कोंबा! तक्रार करा!" हे माझंच वाक्य. शेवटच्या उद्गारचिन्हासकट बिल्डिंगला पाठ आहे.

या सगळ्यात बाबांचं खाणं तुटलं. भांडण नाही, तक्रार नाही, नुसतं ताट पुढे सरकवायचं. पँटला आईने आतून शिलाई मारली, मग आणखी एक मारली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, काय वाटेल ते करा पण पोटात जाऊ द्या, औषधं त्याशिवाय झेपणार नाहीत. म्हणजे आमच्या घरात आता एकच प्रश्न होता. बाबा खाणार का?

मी त्यांना विचारलं, "बाबा, काय खावंसं वाटतं? काहीही सांगा."

ते म्हणाले, "पाइपावरची केळी."

कारखान्यात वाफेचे पाइप असतात, त्यांच्यावर जाड पांघरूण गुंडाळलेलं असतं. सेकंड शिफ्टवाले त्या पांघरुणाखाली सालासकट केळी सरकवून ठेवायचे. साल काळंकुट्ट पडलं की काढायची, उभी चिरायची आणि आत गुळाचा खडा दाबायचा. गूळ विरघळला की चमच्याने खायची. डब्यात भाकरी असो नसो, केळी असायचीच. बाबा हे सांगताना हसले. मला चीड आली. ज्या जागेने माणसाचा श्वास खाल्ला, त्याच जागेची त्याला चव आठवते! पण ते हसले होते. त्यामुळे मी एअर फ्रायर आणायला उल्हासनगरला गेले.

दुकानदार काका सिंधी. डबा उघडून त्यांनी टोपली काढून दाखवली. "तेल का झंझट नहीं, धुआँ नहीं, पापा के लिए बेस्ट है. बस पहली बार खाली चला लेना, बेटा. खिड़की खोल के. नया माल है, थोड़ा बास मारेगा."

"किती वेळ?"

"जब तक बास मारे."

घरी येऊन मी तसंच केलं. मशीन ओट्यावर ठेवलं, खिडकी उघडली, रिकामंच चालू केलं आणि केळी आणायला खाली उतरले. बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांच्या खुर्चीत बसले होते. मशीन त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर.

केळेवाल्याशी घासाघीस चालली होती तेवढ्यात वरून थाळी वाजली. समोरच्या काकूंची, स्टीलची, मी आवाज ओळखते. मग दुसरी. मग सगळ्या मजल्यांवरून. बिल्डिंग धडाधड खाली उतरायला लागली, तोंडाला ओले रुमाल, पदर, लहान पोरं काखेत. "सोडला, सोडला! दुपारीच सोडला मेल्यांनी!" मी जिन्यात शिरले तर खरंच वास. जळक्या प्लास्टिकचा, कडवट. माझं डोकं तापलं. दिवसाढवळ्या! मी तिथूनच प्रदूषण मंडळाला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले.

एरवी तक्रार केली की साहेब येतात तेव्हा वारा सगळं घेऊन गेलेला असतो. त्या दिवशी साहेब नेमके जवळच होते. कुठे होते ते मी लिहीत नाही, कारखान्यातल्या चहाचा पत्ता कळायला तुम्हाला माझी गरज नाही. गाडी आली. साहेब नाक वर करून जिना चढले, मागे आम्ही सगळे. वास मजल्यागणिक वाढत गेला आणि आमच्या दारात सगळ्यात जास्त होता.

आई आत मशीनकडे पाठ करून खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबत होती. वास बाहेरून येतोय म्हणून तिने खिडकी लावून टाकली होती. साहेबांनी वाकून एअर फ्रायर हुंगला. मग सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुमचा कारखाना सापडला."

जिना हसला. पहिल्या मजल्यापर्यंत हसू गेलं. काकूंना तर खोकला लागला हसून. "अगं बाई, आम्ही जीव मुठीत धरून पळालो गं तुझ्या भजी-मशीनसाठी!"

"भजी नाही काकू, रिकामंच होतं."

"रिकामं? म्हणजे काही खायलाही नाही?"

पुन्हा हसू. मीही हसले असते. हसण्यासारखंच होतं. पण साहेब गाडीत बसताना त्यांच्या माणसाला म्हणाले, "आता यांचा फोन आला की आधी विचारायचं, काय शिजवताय." तेव्हाच मला कळलं की आमची सगळी पत्रकं रद्दी झाली.

लोक गेले. बाबा खुर्चीतच होते, सगळा वेळ. या माणसाकडे आख्खी शिफ्ट नाक म्हणून बघायची. व्हॉल्व्ह गळतोय हे बाबा मीटरच्या आधी सांगायचे, असं त्यांचे सोबती अजून सांगतात. आणि आज बिल्डिंग पळाली, ते हलले नाहीत.

"बाबा, तुम्हाला वास नाही आला?"

"आला की." त्यांनी मांडीवरचा टॉवेल सारखा केला. "मला वाटलं, तुमचं तुम्हाला माहीत असेल."

मी केळी धुतली. सालासकट चिरली, टोकं न तोडता, होडीसारखी. आत गूळ, वरून तुपाचे चार थेंब, चिमूटभर किसलेलं सुकं खोबरं. वेलची हवी होती, पण डबी उघडली तर नुसती टरफलं. राहू दे म्हटलं. मशीनमध्ये साल हळूहळू काळं पडलं, गूळ बुडबुडून कडेला आला. घरात पहिल्यांदाच न खोकता काहीतरी शिजलं. मी बशी बाबांच्या हातात दिली. आई आणि मी समोर उभ्या, निकाल लागायचा असल्यासारख्या.

बाबांनी चमचा घातला. एक घास. दुसरा. बशी संपत आली. आईने माझा दंड इतका दाबला की दुखलं.

"कशी झालीयेत?"

"एकदम पाइपावरची!" बाबा म्हणाले. "आणि वेलची काय मस्त लागतेय."

आईने माझ्याकडे बघितलं. मी डबीकडे बघितलं. बाबांनी शेवटचा घास साल खरवडून खाल्ला. त्यांना किती दिवसांपासून वास येत नव्हता, चव लागत नव्हती, कुणास ठाऊक. ताट का सरकवत होते ते कळलं. आणि आज बशी का संपवली तेही. समोर आम्ही दोघी उभ्या होतो म्हणून.

मी मोर्चात ओरडू शकते. साहेबाच्या टेबलावर हात आपटू शकते. पण हे कुणाच्या टेबलावर नेऊन ठेवू? नाक गेलं म्हणून पत्रक काढू?

परवा खरा गॅस आला. संध्याकाळी, ठरल्यासारखा. डोळ्यांतून पाणी आलं तशी मी थाळी घेऊन जिन्यात गेले आणि वाजवली. एकच थाळी वाजत राहिली. एक दार उघडलं, एका पोराने डोकं बाहेर काढलं. "ताई, केळी झाली का?" दार बंद. फोन लावला. पलीकडे माणूस आधी हसला, मग म्हणाला, "बघतो." खाली एक बाई खोकत होती, तिची खिडकी उघडीच होती.

मी परत आले, खिडक्या लावल्या, टॉवेल भिजवला. बाबा माझ्या हातातल्या टॉवेलकडे बघत होते. पूर्वी आम्ही त्यांच्याकडे बघायचो.

"सोडला का गं?"

"सोडला."

"मग काय, आता बसायचंच आहे घरात. केळी लाव."

मी लावली. वेलची आणून ठेवली होती, ती कुटली आणि रागाने मूठभर घातली. इतकी, की बंद घरात टॉवेलच्या आतून येणाऱ्या त्या घाण वासावरही तिचा वास चढला, निदान मला तरी. बशी बाबांना दिली. त्यांनी घास तोंडात घेतला, चावला आणि बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"आज वेलची आहे का?"

"आहे, बाबा."

"मग छान झालीयेत," ते म्हणाले आणि खात राहिले.