भिमावहिनींचा मिशीवाला जावई

आमच्या शेजारच्या भिमावहिनी एसटीत बसल्या की गाडी स्टँडच्या बाहेर पडायच्या आत शेजारणीचं माहेर, सासर आणि सुनेचा स्वभाव काढून घेतात, आणि बदल्यात स्वतःचं सगळं देऊन टाकतात. एकदा नगरला जाताना त्यांनी एका अनोळखी बाईला घराची चावी कुठे ठेवतो तेसुद्धा सांगितलं. का, तर "ती इचारत हुती म्हनून." ती बाई पुढं कर्जतच्या बाजाराला आली, कुलूप काढून आत बसली आणि वहिनी रानातून येईपर्यंत तिनं चहा करून ठेवला. वहिनींना त्यात काही वावगं वाटलं नाही. सहादूभाऊ, म्हणजे वहिनींचे मालक, एवढंच म्हणाले, "हिच्या पोटात भाकरीबिगर काय टिकत न्हाई."

अशा बाईवर नव्याण्णव साली मोबाईल सांभाळायची पाळी आली.

त्यांचा जावई पंकज पुण्यात एका बिल्डरकडे साईटवर सुपरवायझर. साहेबांनी त्याला कामापुरता मोबाईल दिलेला. आमच्या कर्जतला तेव्हा रेंज हा शब्दच पोचला नव्हता. त्यामुळे सासरी आल्यावर पंकजनं तो बंद करून कोनाड्यात ठेवला, आणि जाताना तिथंच विसरला. दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवर त्याचा फोन आला.

"मामी, मोबाईल साहेबांचा हाय. आज संध्याकाळपर्यंत हातात न्हाई आला तर मला कामावरनं काढतो म्हनलेत. तुमी घेऊन या. पन गाडीत कुनाला दाखवू नका, कुनाला काय सांगू नका. नाव, गाव, कायच न्हाई."

ही ओरडून दिलेली गुप्त सूचना बूथवर नंबर लावून उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकली. मीही त्यातच होतो.

सहादूभाऊ गाडीत बसले की झोपतात, म्हणून त्यांना पाठवणं शक्य नव्हतं. मला मोटारीचं सामान आणायला पुण्याला जायचंच होतं. वहिनींनी मोबाईल फडक्यात गुंडाळला, चार भाकरींच्या मधे घातला, वर लसणाची चटणी ठेवली आणि गाठोडं बांधलं. स्टँडवर आल्यावर मला म्हणाल्या, "भावजी, गाडीत तुमी माझं कुनी न्हाई."

"बरं. मग तिकीट कुणी काढायचं?"

"ज्याचं त्यानं."

श्रीगोंद्यापर्यंत वहिनी खिडकीबाहेर बघत बसल्या. मी त्यांना इतका वेळ गप्प कधी बघितलं नव्हतं. दोनदा वाटलं, तब्येत बरी नाही की काय. मग काष्टीला लंकाबाई नावाच्या एक बाई चढल्या आणि आमच्या दोघांच्या मधे बसल्या. हातात पिशवी, तोंडात पान, आणि बसल्या बसल्या, "जयभीम, बाई. कुठलं गाव?"

आता आमच्याकडं गाडीत कुणी गाव विचारल्यावर गप्प बसणं म्हणजे तोंडावर दार लावणं. वहिनींना ते जमणार नव्हतं, आणि खरं सांगायचं नव्हतं. मग त्यांनी मधला रस्ता काढला.

"जयभीम. मिरजगाव," वहिनी म्हणाल्या. "कडूबाई माझं नाव."

मला ठसका लागला. लंकाबाईंनी विचारलं, "ह्ये कोन?"

"मला काय ठावं. बसल्यात कुनी पाव्हनं."

एकदा खोट्याची गोडी लागल्यावर वहिनी सुसाट सुटल्या. खऱ्या आयुष्यात एकच लेक, अश्विनी. दौंड यायच्या आत तिला दोन भाऊ झाले, एक तलाठी आणि एक डॉक्टर. सहादूभाऊंना त्यांनी दारू पाजली आणि सोडवलीही. जावई तर असा उभा केला की मलाही भेटावासा वाटला. पुण्यालाच मिलिटरीत, दारातनं वाकून यावं लागतं एवढा उंच, आणि मिशा अशा की दोन्हीकडं लिंबू ठेवावं.

"आन कुठं निघालाय मग?" लंकाबाईंनी विचारलं.

"त्याच्याकडंच. स्वारगेटला जीप घेऊन येनार हाय."

लंकाबाईंनीही आपलं सगळं सांगितलं. सुनेशी पटत नाही, गुडघा दुखतो, म्हणून पुण्याला बहिणीकडं चाललेय. सांगताना डोळ्याला पदर लावला. वहिनींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तेवढा मात्र खरा होता.

दौंडला लंकाबाईंनी धपाटी काढली. "घ्या, कडूबाई. आन तुमचं गाठोडं सोडा की."

वहिनींनी गाठोडं पोटाशी धरलं. "माझा उपास हाय."

"उपास?" लंकाबाई चावायच्या थांबल्या. "पौर्निमा तर परवाच झाली."

"ऱ्हायला हुता एक."

पुढं स्वारगेटपर्यंत वहिनी भाकरी मांडीवर घेऊन उपाशी. मी लंकाबाईंनी दिलेलं धपाटं त्यांच्या डोळ्यांदेखत सावकाश खाल्लं. अनोळखी पाहुण्याला नाही म्हणायचं काय कारण?

स्वारगेटला उतरलो तर समोर पंकज. किडकिडीत, बुटका, मिशीचा पत्ता नाही, घामानं निथळलेला. धावतच आला. "द्या मामी, लवकर," म्हणत त्यानं गाठोड्याला हात घातला.

लंकाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"कोन रं तू?"

"जावई हाय मी त्यांचा."

"ह्यांचा जावई मिलिटरीत हाय. ह्यवढाल्या मिशा हाईत त्याला. तुला काय उगवत्यात का?"

माणसं जमली. कंडक्टर आला, त्याच्यामागून एक हवालदार. वहिनी म्हणाल्या, "अवो, खरंच जावई हाय माझा."

"घाबरू नका, कडूबाई," लंकाबाई म्हणाल्या. "मी हाय."

"मी कडूबाई न्हाई वो."

"बघा, भ्यानं नाव इसरली बिचारी."

मी पुढं झालो. "हवालदारसाहेब, मी यांचा शेजारी. वीस वर्षं ओळखतो."

लंकाबाईंनी मला खालून वर बघितलं. "तुमी गप बसा. काष्टीपासनं ह्यांची तुमची वळख न्हाई. दोघं सामील हाईत, साहेब."

हवालदारानं माझाही दंड धरला. मजा बघायला आलेला मी, आता मजेचाच भाग झालो होतो. पंकज रडवेला झाला. "साहेब, मोबाईल चालू करून दाखवतो. त्याला चार आकडे लागतात, ते मलाच माहीत हायेत."

गाठोडं सुटलं. भाकरी, चटणी, मग फडकं. हवालदार म्हणाला, "आकडे सांग. मोठ्यानं."

पंकज आजूबाजूला बघून बारीक आवाजात म्हणाला, "एक, चार, शून्य, चार."

"चौदा एप्रिल," लंकाबाई म्हणाल्या. "ह्ये तर आमच्या आळीतलं कुनीबी वळखंल. ह्याच्यावनं जावई कसा ठरतो?"

हवालदारानं पंकजला आकडे दाबायला लावले. तेवढ्यात चालू झालेला मोबाईल वाजला. पंकजनं कानाला लावला, पण साहेबांचा आवाज असा होता की कान लावायची गरज कुणालाच नव्हती.

"पंकज, मिळाला का फोन? कुठं मेलायस? तासाभरात साईटवर दिसला नाहीस तर उद्यापासून येऊ नकोस."

"मिळाला साहेब. स्वारगेटला हाय. निघालोच."

लंकाबाईंनी मनगट सोडलं. "सोडा त्याला, साहेब. चोराला कुनी उद्यापासनं कामावर येऊ नको म्हनत न्हाई."

हवालदाराला ते पटलं. पंकज रिक्षाकडं धावला. नोकरी राहिली. अश्विनीनं नंतर कळवलं, साहेबांनी मोबाईल हातात घेऊन एवढंच विचारलं की याला लसणाचा वास कसला येतोय. पंकजनं आकडे त्याच दिवशी बदलले आणि सासूला सांगितले नाहीत.

माणसं पांगली. लंकाबाई मात्र पिशवी उचलून तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

"म्या समदं खरं सांगितलं हुतं, बाई," त्या म्हणाल्या. "सुनेचंबी. सख्ख्या बहिनीला सांगितलं न्हाई ते."

वहिनींचा चेहरा उतरला. मग त्यांनी फलाटावरच्या बाकावर फडकं पसरलं, भाकरी मोडली आणि अर्धी लंकाबाईंच्या हातात ठेवली.

"बसा. भिमाबाई माझं नाव. गाव कर्जत. लेक एकच, अश्विनी. मालक दारू पीत न्हाईत, झोपत्यात."

पुढं गल्ली, घर, दार कुठल्या बाजूला, सगळं आलं. मी शेजारी ताटकळत उभा होतो. लंकाबाईंनी माझ्याकडं बोट केलं. "आन ह्ये?"

"ह्ये व्हय? ह्ये खरंच शेजारी हाईत," वहिनी म्हणाल्या. "पन ह्यांच्यापाशी काय बोलू नका. समद्या गावाला सांगत फिरत्यात."