भाकरीवाल्या मावशींचा प्रश्न

सोलापूरच्या बाजारात कडक भाकरी विकणाऱ्या त्या मावशी फडक्यातून भाकरी काढता काढता प्रत्येक बाईला विचारायच्या, "पोरगी किती वर्सांची?"

एकदा मलाही विचारलं. मला वाटलं, आल्या स्थळ घेऊन! "तेरा. लग्नाचं वय नाही तिचं," मी तडकले.

त्यांनी भाकरींवर फडकं नीट ओढलं. "सुईचं हाय की. गर्भाच्या पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर हू नये म्हणून देत्यात ती. माझी लेक त्यानंच गेली. तिच्या येळंला मला कुणी सांगितलंच न्हाय."

मुलीला लस देऊन आले, त्यांना सांगितलं. त्यांनी माझा हात क्षणभर दाबला आणि शेजारच्या बाईकडे वळल्या, "पोरगी किती वर्सांची?"

बाईच्या कपाळाला आठी पडली. मीच म्हणाले, "सांगा हो वय. स्थळ नाही आणलेलं त्यांनी."