बाईंच्या हातातली सम

माझं वाद्य माझ्याहून उंच आहे. डबल बेस म्हणतात. उभं करून, मिठी मारून वाजवायचं. शहागंजात कापडाच्या दुकानावर राहणाऱ्या माझ्या गाण्याच्या बाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "ह्याच्यात गाद्या ठेवतोस व्हय रे?"

बारा वर्षं बाईंकडं ख्याल शिकलो आणि मग जॅझच्या नादी लागलो. दोन्हींची मोट बांधून रचना करू लागलो. त्यातलं काहीही ऐकायला बाईंनी साफ नकार दिला. गेल्या हिवाळ्यात मात्र संभाजीनगरातच कार्यक्रम ठरला, तेव्हा मी पायच धरले.

"येते," बाई म्हणाल्या. "पण सम चुकलास तर उठून जाईन. मग माझा जिना चढायचा नाय."

बाई पहिल्या रांगेत बसल्या. उजवा हात मांडीवर, बोटं झपतालाच्या दहा मात्रा मोजतायत, सहाव्या मात्रेला तळवा उताणा. माझी पाळी आली. जॅझच्या रिवाजाप्रमाणे पियानो आणि ड्रम थांबले. मी एकट्यानं वाजवायचं आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, मान हलवली की त्यांनी परत यायचं.

इतका रंगलो, इतका रंगलो, की स्वतःच्याच रचनेत सम हरवून बसलो!

आता गंमत पाहा. मी कुठंही झोकात मान हलवली असती, तरी तीच सम ठरली असती. जॅझमध्ये चुकलेला सूर तीनदा वाजवला की ती करामत होते. बाईंच्या हिशेबी त्या तीन चुका. सोंग आणण्यात मी पटाईत, तरी धीर होईना. वाजवता वाजवता बाईंच्या हाताकडं हळूच नजर टाकली. बाईंनी ती पकडली आणि हात पदराखाली घेतला!

मी तारांवर तळवा ठेवला. सगळं शांत. माइकमध्ये म्हणालो, "बाई, चुकलो. सम द्या."

लोक हसले, त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात बाहेर काढला आणि टाळीवर ताल धरला, एक अख्खं आवर्तन, खणखणीत. पुढच्या समेवर आम्ही तिघं एकदम उतरलो.

बाई शेवटपर्यंत बसल्या. नंतर त्यांना रिक्षात बसवताना मी विचारलं, "हात का झाकलात हो?"

"चोरून बघत होतास. मागितलीस तवा दिली का नाय?"

रिक्षा हलली तरी त्यांचं संपलं नव्हतं. डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "सोमवारी ये. तुझं मोजणं लई कच्चं हाय!"