रामेनच्या दुकानात जायचं की नाही

आमच्याकडे मुलीच्या बापाने मुलाकडे जेवण घेतलं म्हणजे सोयरीक झाली. मनात नकार असेल तर माणूस पाणी पितो, फार तर अर्धा कप चहा घेतो, "निघतो जी आता" म्हणतो आणि चप्पल घालतो. ताटाला हात लावला की विषय संपला, मग मागे फिरता येत नाही. म्हणून आमच्या लेकीने फोनवर सांगितलं, "सोमवारी चार वाजता दुकानात या, त्याची आई येऊन राहिली, त्याच्या हातचं रामेन खा," तेव्हा हा जेवायचा साधा निरोप नाही हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. आमच्या यांना तर माझ्याही आधी कळलं. फोन स्पीकरवर होता. ते उठून गॅलरीत गेले आणि वाळत घातलेले कपडे ओलेच काढून घेऊन आले.

रामेन म्हणजे जपानी शेवया. कोंबडीच्या हाडांचा रस्सा उकळत ठेवायचा, त्यात लांब शेवया सोडायच्या, वर अर्धं उकडलेलं अंडं आणि कांद्याची पात. धरमपेठेतल्या एका मागच्या गल्लीत त्या पोराचं दुकान आहे. एका भिंतीला फळी, फळीसमोर स्टुलं, मधे एकच टेबल. कॉलेजची पोरं येतात, वाडगा भरून मिळतो, खिशाला परवडतं. पोरगा पुण्याच्या एका हॉटेलात शिकून आला, परतल्यावर स्वतःचं काढलं. दारू नाही, खर्रा नाही, बोलायला गरीब. आमच्या लेकीला तो आवडला यात मला तरी काही चूक दिसत नव्हती. पण तो होता नरखेड तालुक्यातला, हिंदू बागाईतदारांच्या घरातला, आणि नरखेडचं नाव निघालं की आमच्या घरात पंखासुद्धा मोठ्याने फिरल्यासारखा वाटतो.

माझे सासरे तरुणपणी त्याच तालुक्यात एका संत्र्याच्या बागेत मजुरीला होते. मालकाच्या ओसरीखाली उभं राहायचं, ओंजळ धरायची, वरून पाणी पडायचं ते प्यायचं. चहाची कपबशी वेगळी, तीही गोठ्याच्या भिंतीत खोचलेली. छप्पन साली ते नागपूरला आले, बौद्ध झाले आणि गावाकडे परत म्हणून गेले नाहीत. इथे गिरणीत लागले तेव्हा पहिली वस्तू घेतली ती एक पितळी डबा, आणि त्यावर नाव कोरून घेतलं, आडनावासकट, चांगलं ठसठशीत. तो डबा अजून घरात आहे. मी त्यात लाडू ठेवते. सासरे गेल्यावर त्याला चिंचेने घासायचं काम यांनी माझ्याकडून काढून घेतलं, स्वतःच घासतात.

तर अशा माणसाला लेकीने सांगितलं की नरखेडचा पोरगा करते. थंडीच्या सुरुवातीची गोष्ट. दोघं इतके भांडले की शेजारणीने टीव्ही बंद करून ऐकलं. लेक बॅग भरून कामाच्या जागेजवळच्या हॉस्टेलवर निघून गेली आणि मी इकडे आड तिकडे विहीर अशी मधे उभी राहिले. त्या दिवसापासून या फोनपर्यंत ती बापाशी एक शब्द बोलली नव्हती. फोन ठेवताना ती म्हणाली होती, "आई, बाबांले सांग, मी एकदाच विचारून राहिली. नाही आले तर आम्ही रजिस्टर करून घेऊ. मग मी घरी येणार नाही. मले येववणार नाही." आवाज अगदी शांत होता. रडली असती तर मी घाबरले नसते.

"काहून दुकानात?" हे म्हणाले. "घर नाही का त्यायले? घरी काहून नाही बोलावत?"

"लांब पडते म्हणून असेल."

"लांब! एसटी जाते तिथपर्यंत. हॉटेलात काय, हॉटेलातली भांडी कोणाचीच नसतात. तिथे कोणालेही वाढता येते. आपल्या घरच्या ताटात वाढून पाहावं म्हणा."

मी मराठीची मास्तरीण, मला सहसा उत्तर सुचतं. पण हाच प्रश्न माझ्याही मनात आला होता आणि तो मी कांदे कापता कापता दाबून टाकला होता. म्हणून मग मी चिडले. माझा स्वभाव फोडणीतल्या मोहरीचा आहे, आधी तडतडते, मग विचार करते. "ज्यानं त्यानं आपलीच अक्कल पाजळावी," मी म्हटलं, "पोरगी गेली तर राहा मग डबा घासत." बोलून गेले आणि जीभ चावली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो हे मला कळत होतं, पण फुंकता फुंकता लेक हातची चालली होती, त्याचं काय?

रविवारी मी शेंगदाणे भाजायला घेतले. आमचं घर भर दुपारी खमंग वासाने भरलं. हे दारात येऊन उभे राहिले.

"हे कायले?"

"रिकाम्या हातानं जाते का कोणी?"

"कोण चाललं?"

"मी चालली. तुम्हाले नसेल यायचं तर बसा क्रिकेट पाहत."

गूळ, दाणे, दुसरं काही घातलं नाही. लाडू वळले, त्याच पितळी डब्यात भरले, कारण आमच्या घरी लाडू त्याच डब्यात राहतात. पण पिशवीत ठेवताना मात्र डब्यावर ओढणी गुंडाळली, आणि वरून दुसरी पिशवी घातली. माझ्या हातचे लाडू समोर ठेवले आणि त्या बाईने "असू द्या" म्हणून बाजूला सारले, तर यांच्यासमोर मी काय तोंड दाखवणार होते? काढायचा की नाही ते तिथे जाऊन ठरवू, असं मी स्वतःला सांगितलं.

सोमवारी तीन वाजता आत दाढी करण्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरातच बसून राहिले, हललेसुद्धा नाही, न जाणो माणूस विचार बदलायचा. ते बाहेर आले ते पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून.

"येतो मी. पण सांगून ठेवतो, फक्त पाणी पिईन."

"बरं."

"तेही माह्या बाटलीतलं."

"बरं बापा!"

वीज केंद्रात आयुष्य घालवलेला माणूस, स्कूटर कधी झटका देऊन चालवत नाही. त्या दिवशी प्रत्येक चौकात ब्रेक कचकन लागत होता. मी पिशवी पोटाशी धरून बसले होते.

सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून शटर अर्धं खाली होतं. आमची लेक बाहेर उभी होती. बापाला पाहिलं आणि तिने ओठ घट्ट मिटले, जवळ आली नाही. यांनीही नुसती मान हलवली. वाकून आत गेलो तर टेबलाशी एक बारीकशी बाई, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. मुलाची आई. नवरा लवकर वारला, ती एकटीच एसटीने आली होती. "या जी, बसा," म्हणाली. आम्ही बसलो. संत्र्याला यंदा भाव नाही, उन्हं लवकर लागली, अशी दोन वाक्यं झाली. आत पातेल्यातला रस्सा उकळत होता, तेवढा आवाज.

पोराने वाडगे आणले. एक यांच्यापुढे, एक माझ्यापुढे, एक लेकीपुढे. त्याच्या आईपुढे नाही. तिच्यापुढे पाण्याचा पेला होता.

यांनी वाडग्याकडे पाहिलंच नाही, त्या पेल्याकडे पाहिलं. "तुम्ही नाही घेत?"

"नाही जी," ती हसून म्हणाली, "मले आज चतुर्थी हाय."

मला वाटलं, संपलं. यांनी दोन बोटांनी वाडगा हळूच पुढे सारला. बाटली उचलली, झाकण लावलं. "बरं हाय," ते म्हणाले. "माह्या बापाच्या वेळी ओसरी होती. आता चतुर्थी हाय."

"बाबा..." लेक म्हणाली.

पोरगा पांढरा पडला. "आई, तू सांगितलं काहून नाही? मी दुसरा दिवस ठेवला असता!"

"अरे, चतुर्थी चांगली शुभ गोष्टीले," ती बाई गोंधळून म्हणाली, "म्हणून तर मी लगेच हो म्हटलं."

त्या पोराने कॅलेंडर पाहिलं नव्हतं, त्याने फक्त दुकानाची सुट्टी पाहिली. आमच्या घरी तर चतुर्थी कोण पाहतं! आणि त्या माउलीने मुहूर्त चांगला म्हणून उपाशीपोटी एसटीत बसून आम्हाला जेवायला बोलावलं होतं. खरं होतं की निमित्त होतं, देव जाणे. त्या क्षणी मला कळायला मार्ग नव्हता. हे उठून उभे राहिले होते. लेकीने मान खाली घातली होती, थांबवायचा प्रयत्नही तिने सोडून दिला होता, आणि ते मला बघवेना. तळपायाची आग मस्तकात गेली. कोणावर चिडले होते सांगता येणार नाही. सगळ्यांवरच. चतुर्थीवर, ओसरीवर, इस्त्रीच्या शर्टावर. मी पिशवीतून डबा ओढून काढला, ओढणी फेकली आणि डबा टेबलावर असा आदळला की रस्सा सांडला.

"शेंगदाण्याचे हायेत," मी म्हटलं. "गूळ अन् दाणे. मीठसुद्धा नाही. उपासाले चालते. माह्या घरी, माह्या हातानं केले. घ्या."

वाढल्यासारखं नाही म्हटलं मी ते, दटावल्यासारखं म्हटलं. आता तिला उपासाचा आडोसा घेता येणार नव्हता. नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हणावं लागणार होतं, लेकीच्या देखत. आणि ती नाही म्हणाली असती तर त्या लेकीचं आमच्याकडे येणं मीच बंद केलं असतं. डबा उघडून झाल्यावर मग ते माझ्या लक्षात आलं.

ती बाई लाडवांकडे पाहत नव्हती, डब्याकडे पाहत होती. कोरलेली अक्षरं तिने ओठ हलवत वाचली, नाव, बापाचं नाव, आडनाव. आडनावापाशी थांबली.

"हे कोण?"

"माहे वडील," हे म्हणाले. उभेच होते.

"कुठले?"

यांनी गावाचं नाव सांगितलं. तिने मान डोलावली. त्यांच्या शेजारचंच गाव. त्या गावाच्या ओसऱ्या तिलाही माहीत असणार. मग तिने हात पुढे केला, एक लाडू घेतला आणि खाल्ला. चव घेण्यापुरता कोपरा मोडून नाही, अख्खा खाल्ला, सावकाश, हनुवटीखाली तळहात धरून, दाण्याचा चुरा सांडू न देता.

"अजून एक देजा वं बाई," ती मला म्हणाली. "सकाळपासून उपाशी हाय मी."

मी दिला. मला भलतंच हसू येत होतं. लेक तर तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे वळली.

हे मात्र बसले नाहीत. पोटातला प्रश्न त्यांनी विचारलाच. "घरी काहून नाही बोलावलं?"

ती खोटं बोलू शकली असती. "घरी माहे दीर हायेत," ती म्हणाली. "त्यायले हे मान्य नाही. ते तुम्हाले ओसरीवरच बसवतील. मले ते पाहवलं नसतं जी."

म्हणजे यांचा संशय अर्धा खरा होता. मी यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते स्टूल ओढून बसले आणि सारलेला वाडगा जवळ घेतला. शेवया एव्हाना फुगून मऊ पडल्या होत्या, वर सायीसारखी चरबी धरली होती. "काका, दुसरं करून देतो," पोरगा धावला. "राहू दे," हे म्हणाले आणि चमच्याने खायला लागले. सगळं खाल्लं. शेवटी वाडगा उचलून रस्सासुद्धा प्यायले, आणि तोंड पुसत त्या पोराला म्हणाले, "तिखट कमी हाय गा." पोरगा तिखटाची बरणी आणायला आत पळाला. वाडगा रिकामा आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

निघताना मी डब्याला हात घातला. त्या बाईने माझ्याआधी झाकण लावलं आणि डबा उचलून आपल्या पिशवीत ठेवला. "लाडू हायेत अजून यात," ती म्हणाली. "दीरालेही देईन. कोणाचा डबा ते बी सांगीन. अन् डबा आणून द्यायले मीच येईन तुमच्या घरी. जेवूनच जाईन."

लेक आमच्यामागे स्कूटरपर्यंत आली. "रविवारी येते मी घरी," म्हणाली. "ये," हे म्हणाले. एवढंच. शिकलेल्या माणसांची तोंडं अशा वेळी शिवलेली असतात.

परतताना स्कूटर नेहमीसारखी चालली. पोटाशी धरायला मला आता काही नव्हतं, म्हणून मी यांचा शर्ट धरला. मला वाटलं, यांना डबा गेल्याचं लागलं असेल, बापाची ती एकच वस्तू. सिग्नलला थांबलो तेव्हा मीच म्हटलं, "येईल जी डबा परत. ती आणून देईन म्हणाली ना."

"आला नाही तरी चालते," हे म्हणाले. "बाबा तसल्या ओसरीवर कधी चढले नव्हते. आज त्यायचं नाव चुलीपर्यंत जाईल."