पिशवीसकट एकशे दहा

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो आणि मी त्याच कंपनीत फोन उचलते. लिफ्ट बंद पडली की लोक माझ्यावर ओरडतात. मग दादा जाऊन ती चालू करतो आणि कौतुक सगळं त्याच्या वाट्याला येतं. सोळा वर्षं हे असंच चाललंय. आता मला त्याचं काही वाटत नाही. जरासंच वाटतं.

दादाला या कामाचं वेड आहे. लिफ्टच्या टपावर अंधारात उभं राहून नुसत्या आवाजावरून तो तिचं दुखणं ओळखतो. त्यामुळे यंदा नवे साहेब आले आणि त्यांनी वजनाचा नियम काढला तेव्हा आमच्या घरावर संकटच आलं. टपावर चढताना जो पट्टा बांधतात तो माणूस आणि अवजारांची पिशवी मिळून एकशे दहा किलोच पेलतो. दादा पिशवीसकट भरला एकशे अठरा. तीन महिन्यांत उतरवा, नाहीतर कायमचं गोदामात बसून सुटे भाग द्या, असं साहेबांनी सांगितलं.

"गोदामात बसवलं तर महिन्याभरात म्हातारा होईन गं मी," दादा म्हणाला. एरवी सगळ्याची थट्टा करणारा माणूस, त्या दिवशी त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

घरी लगेच ताट अर्ध्यावर आलं. वहिनीने साखरेचा डबा वरच्या फळीवर नेऊन ठेवला. दादा निमूटपणे दोन घास खाऊन उठायचा. महिन्याने काटा पाहिला, तर अर्धा किलो जास्त!

"अहो, तुम्ही जगता कशावर? मग हे वाढतं कशानं?" वहिनी रडकुंडीला आली.

कशानं ते मला फोनवर कळलं. दुरुस्ती झाली की संध्याकाळी मी त्या इमारतीत फोन करून काम नीट झालं का ते विचारते. एक बाई म्हणाल्या, "अगदी छान झालं. आणि केक फार आवडला हो त्यांना." मी सावध झाले. त्या दिवसापासून प्रत्येक फोनला एक जादा प्रश्न जोडला, की आमच्या माणसाने चहापाणी घेतलं ना? लोकांना वाटलं, कंपनी किती काळजी घेते! भडाभडा सांगू लागले. लिफ्ट तपासताना प्रत्येक मजल्यावर दार उघडून बघावं लागतं, आणि आठवडाभर जिने चढून दमलेली माणसं त्या दारातच उभी असतात. दुसऱ्या मजल्यावर गोड चहा, चौथ्यावर बिस्किटं, पाचव्यावर परत चहा, सातव्यावर वाढदिवस. हे एका इमारतीचं, आणि दिवसाला इमारती चार.

मी यादी त्याच्यापुढे टाकली.

"ते उभ्या उभ्या होतं गं," तो म्हणाला. "ते काय जेवण आहे?"

"आणि जिने? तू पहिल्या मजल्यावरसुद्धा लिफ्टने जातोस."

"लिफ्टवालाच जिन्याने निघाला तर लोक लिफ्टमध्ये पाय ठेवतील का?"

तेवढ्यात वहिनीला आठवलं की लेकीच्या ताटात उरलेलं रोज तोच संपवतो, टाकवत नाही म्हणून. तेही त्याच्या हिशेबी जेवण नव्हतं.

पण गडी जिद्दीचा. त्याने कानाला खडा लावला. चहा बिनसाखरेचा झाला, लेकीला ताटात कमी वाढायला लागले, आणि माणसांची वर्दळ नसेल तिथे तो गुपचूप जिने चढू लागला. काटा हळूहळू खाली यायला लागला. आम्ही सगळे खूश.

शेवटच्या आठवड्यात फोनवर परत तेच सुरू झालं. "चॉकलेट दिलं हो त्यांना." "जॅमची बाटली दिली, घरचीच आहे." माझं डोकंच फिरलं. मी घरी जाऊन त्याला नको नको ते बोलले. "मी एक कणही खाल्लेला नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग एवढे लोक मिळून खोटं बोलतात का?" तो पिशवी उचलून आतल्या खोलीत गेला आणि मी त्याच्याशी बोलणं टाकलं. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ ऑफिसात समोरासमोर येऊनही आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही.

वजनाच्या दिवशी काटा माझ्याच टेबलाशेजारी मांडला होता. दादा पिशवी खांद्याला लावून उभा राहिला. एकशे अकरा.

साहेब वाईट माणूस नाहीत. "चार पाने काढून ठेवा ना पिशवीतले," ते हळूच म्हणाले.

"टपावर उभं राहिल्यावर कुठला पाना लागेल ते मी कसं सांगू?" दादा म्हणाला. "एकही काढणार नाही."

आता गोदामच, या विचाराने माझा राग कुठल्या कुठे गेला. मी उठून पिशवी त्याच्या खांद्यावरून ओढून घेतली. पाहू तरी काय एवढं अडतंय! वरची अवजारं बाजूला केली तर तळाशी बिस्किटांचे पुडे, चॉकलेटं, कागदी रुमालात गुंडाळलेला, वाळून दगड झालेला केक आणि ती जॅमची बाटली. झाकणही न उघडलेली.

"नाही म्हणवत नाही गं," दादा खाली बघत म्हणाला. "माणसं एवढ्या प्रेमानं देतात. घरी काढून ठेवलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं मी चोरून खातो."

सगळा खाऊ माझ्या टेबलावर काढून आणि अवजारं पिशवीत भरून तो परत काट्यावर चढला. एकशे नऊ आणि वर थोडंसं. साहेबांनी सही केली आणि हसू लपवायला खिडकीकडे वळले.

मला हसू आलं नाही. पाच दिवस हा माणूस माझा अबोला सोसत ती पिशवी खांद्यावर वागवत होता, आणि मी परक्यांच्या फोनवर विश्वास ठेवला होता. फार लाज वाटली.

"आता बोलशील ना माझ्याशी?" दादाने विचारलं.

मी त्याचा टपावर चढायचा पट्टा उचलला आणि माझ्या हाताने त्याच्या कमरेला आवळला.