दवाखान्याला कळवलं का?

आमच्याकडे किस्से साठतात ते चहाच्या टपरीवर. महिन्यातून एकदा दवाखान्यातले लोक आणि आम्ही ऑफिसवाले एका टेबलाशी बसतो. मीटिंगमध्ये कोणी फारसं बोलत नाही. मीटिंग संपते, बाहेरच्या टपरीवर चहा येतो आणि मग एकेकाला कंठ फुटतो. घरी जाऊन सांगावं तर तीही सोय नाही, कारण गोष्टी लेकरांच्या आणि त्यांच्या घरांतल्या असतात. त्यामुळे त्या आमच्यातच साठत राहतात. इथे सांगतेय त्या नावं-गावं बदलून. एखाद-दुसऱ्या ठिकाणी मुलगा होता त्याची मुलगीही केली आहे. तरी कोणी ओळखू आलंच, तर कृपा करून ओळखू नका.

मी नंदुरबारला मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या ऑफिसात आहे. घरात मार खाणारं लेकरू असो की सांभाळायला कोणी नसलेलं, ते आमच्याकडे येतं. पण अशा लेकराची खबर पुष्कळदा आधी दवाखान्याला लागते. म्हणून आमची अर्धी नोकरी फोनवर चालते. इकडे मी आणि गावित भाऊ, तिकडे मुलांचे डॉक्टर शिंदे आणि वॉर्डाच्या पावरा सिस्टर. सांगतेय ते सगळं आम्हा चौघांचंच.

* * *

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. हात मोडलेलं एक पोरगं आईबरोबर वॉर्डात आलंय असं कळलं. सावत्र बापाने मारलं होतं, असा संशय होता. मी वॉर्डात फोन लावला.

"सिस्टर, तो हात मोडलेला मुलगा अजून तुमच्याकडेच आहे ना?"

"कोण बोलतंय?"

"बाल संरक्षणाच्या ऑफिसातून बोलतेय."

"फोनवर सगळे तेच सांगतात. माहिती देता येणार नाही." आणि फोन बंद.

रिक्षा केली आणि वॉर्डात गेले. पावरा सिस्टरांना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्यांनी माझं ओळखपत्र हातात घेतलं, फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. मग म्हणाल्या, "बसा. तुमच्या ऑफिसात विचारते." त्यांनी नंबर फिरवला. बराच वेळ कानाला लावून ठेवला.

"कोणी उचलत नाही."

"गावित भाऊ गावाला गेलेत. मी ऑफिसात असते तर उचलला असता."

त्यांना हसू आलं नाही. मला मात्र राग आला होता. इथे लेकराची काळजी करायची की माझी परीक्षा घ्यायची? शेवटी त्यांनी गावित भाऊंचा मोबाइल लावला, माझं नाव, उंची, कपाळावरची खूण सगळं विचारून घेतलं आणि मगच मला पडद्याआड नेलं. तिथे आई पोराला घेऊन बसली होती.

"रागवू नका मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "काल संध्याकाळी एका माणसाचा फोन आला होता. मी बाल संरक्षणाचा अधिकारी, ते पोरगं कुठल्या वॉर्डात आहे सांगा, म्हणाला. भाषा एकदम साहेबी. मी विचारलं, ऑफिस कुठे तुमचं? नंदुरबारला म्हणे. नंदुरबारला कुठे, असं विचारलं तर फोन ठेवून दिला."

पोराची आई हळूच म्हणाली, "तो बाहेरच्याशी असाच बोलतो. साहेबासारखा."

पोलिसांना कळवलं. मायलेकांना त्याच दुपारी दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी हलवलं. दुसऱ्या दिवशी तो माणूस विचारत विचारत वॉर्डापर्यंत पोचलाच. पलंग रिकामा होता, चादरसुद्धा बदललेली होती. आणि दारात पोलीस उभे होते.

आज इतकी वर्षं झाली, सिस्टर माझा आवाज झोपेतही ओळखतील. तरी मी फोन केला की पहिला प्रश्न तोच असतो, "कोण बोलतंय?" ऐकलं की बरं वाटतं.

* * *

रिनाच्या गोष्टीची कोणी आठवण करून दिलेली गावित भाऊंना आवडत नाही. डॉक्टर शिंद्यांनाही नाही.

रिना धडगावच्या वरच्या पाड्यावरची, जेमतेम चालायला लागलेली. अंगावर मांस नव्हतं म्हणून वॉर्डात ठेवली होती, तिथे चांगली सुधारली. आईबापांना ऊसतोडीला गुजरातेत जायचं होतं. ते परत येईतो मुलगी कुठे ठेवायची यावर आमची आणि दवाखान्याची चर्चा झाली. चर्चा छान झाली. उठताना डॉक्टरांची समजूत झाली की ऑफिसवाले तिला शिशुगृहात नेणार, आणि गावित भाऊंची समजूत झाली की दवाखाना अजून काही दिवस ठेवून घेणार.

पावरा सिस्टर रजेवर होत्या. कामावर आल्या, रिनाचा पलंग रिकामा बघितला आणि फोन केला.

"गावित भाऊ, रिना रमली का तिकडे?"

"तिकडे कुठे? तुमच्याकडेच आहे ना?"

मी समोरच बसले होते. भाऊंचा चेहरा असा उतरलेला मी त्याआधी बघितला नव्हता.

मग धावपळ. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, तिची आजी आली होती, ऑफिसवाल्यांकडे नेते असं सांगून घेऊन गेली. आम्ही जीप काढली. घाट चढताना मला नको नको ते दिसत होतं. पोरगी परत खंगली असेल, नाहीतर आईबापांनी तशीच गुजरातेत नेली असेल.

धडगावला बाजार भरला होता. जीप गर्दीत अडकली म्हणून उतरलो, आणि समोर भज्यांच्या गाडीजवळ आजी उभी. पाठीला झोळी, झोळीत रिना. मुठीत भजं, तोंडाला तेल.

भाऊ तिथेच जमिनीवर बसले. आजीला वाटलं साहेबांना चक्कर आली, तिने त्यांना पाणी दिलं.

नंतर ती पावरी बोलीत जे बोलली ते भाऊंनी मला मान खाली घालून सांगितलं, "म्हणते, ऑफिसवाले नेणार, दवाखानावाले ठेवणार, दोन्ही ऐकलं. सकाळपासून वाट बघितली. कोणीच आलं नाही. मग मीच नेली. माझीच आहे ना?"

जवळच्या आरोग्य केंद्रात रिनाला काट्यावर ठेवलं. वजन वाढलेलं होतं. डॉक्टरांना फोनवर सांगितलं तर ते फक्त "हुश्श" म्हणाले. रिना आजीकडेच राहिली, आणि आठवड्याला तिची खबर दोन्हीकडे जाऊ लागली. तेव्हापासून आमचा नियम आहे. मूल देणाऱ्याने "दिलं" म्हणायचं, आणि घेणाऱ्याने "घेतलं" म्हटल्याशिवाय देणाऱ्याने जागचं हलायचं नाही.

* * *

मोबाइलवर लेकरांची नावं लिहायची नाहीत, हा सिस्टरांचा दंडक. मग घाईचा निरोप द्यायचा कसा? मिरचीचा एवढा मोठा बाजार असलेल्या नंदुरबारच्या माणसाला दुसरं काय सुचणार? ताबडतोब बघायला हवं ते लेकरू म्हणजे लाल मिरची, उद्यापर्यंत थांबू शकतं ते हिरवी. ही शक्कल डॉक्टर शिंद्यांची.

माझं सासर रनाळ्याचं, घरात अहिराणी. धाकटा दीर मिरचीच्या बाजारात एका शेठजींकडे कामाला आहे. एकदा माझा फोन घरात चार्जिंगला होता आणि मी आत पोळ्या करत होते. दीर फोन घेऊन स्वयंपाकघरात आला. चेहरा गंभीर.

"वहिनी, तुम्ही बी धंदा सुरू कया का?"

"कसला धंदा?"

त्याने वाचून दाखवलं, "दोन लाल धडगावहून निघाल्या. घाटात ओकल्या. आता बऱ्या आहेत, बिस्किट खाल्लं."

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "मी लहानपणपासून बाजारमा शे. पन हाई ओकणारी मिरची कोनती जातनी?"

त्या दोघी बहिणी होत्या. घरच्या मारातून सुटून गावित भाऊंबरोबर येत होत्या. मी दिराला एवढंच सांगितलं की ऑफिसचं आहे, विचारू नको. शहाणा आहे, परत विचारलं नाही. रात्रीच्या जेवणात मात्र ठेच्याकडे जरा संशयाने बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांना घाबरत घाबरत सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला कळलं का?" नाही म्हटलं. "मग चांगलं चाललंय. फोनला कुलूप लावा."

* * *

एकदा शिंदे डॉक्टर सुट्टीवर होते आणि त्यांच्या जागी सांगलीकडची एक नवी मुलगी, डॉक्टर होऊन आलेली. एका तान्ह्याच्या कमरेवर तिला निळसर डाग दिसले. जन्माचे असतील की माराचे, तिची खात्री होईना. तिने घरच्यांना नीट बसवलं, चहा दिला आणि मला फोन केला. गेले तर बाळाची आजी संतापलेली.

"मन्हा पोऱ्याले बी असाच डाग व्हता. मी काय त्याले पोटमा मारं का?" शेजारी बाळाचा बाप उभा होता, चांगला दांडगा. आजी त्याला म्हणाली, "दखाड रे डॉक्टरनीले."

बिचाऱ्याने भर ओपीडीत शर्ट वर केला. पाठ स्वच्छ.

आजीने स्वतः निरखून बघितलं. "आते नई शे," ती म्हणाली. "तवय व्हता."

बाळ जन्मलं त्या आरोग्य केंद्रात डॉक्टरने स्वतः फोन लावला. बाळंतपण केलेल्या नर्सला लगेच आठवलं. जन्मतःच होते ते डाग, आम्ही त्यांना नकाशा म्हणायचो, म्हणाली. डॉक्टरचे खांदे खाली आले. तिने आजीला हात जोडले, "माफ करा आजी, तुम्हाला उगाच थांबवलं."

आजीचा राग तोवर निवला होता. बाळाला दुपट्यात गुंडाळत म्हणाली, "तू इचारं ते बरं कयं, माय. एखादा पोऱ्याले खरंच मारं व्हई तं?"

* * *

आणि सोनी. सोनी आठ-नऊ वर्षांची, सातपुड्यातल्या एका पाड्यावरची. आईबापांच्या भांडणात मध्ये पडली आणि बापाची काठी तिच्या हातावर बसली. गावच्या आशाताईंनी तिला दवाखान्यात आणलं.

तिला फक्त पावरी येत होती, म्हणून पावरा सिस्टर तिच्यासोबत. आधी वॉर्डातल्या डॉक्टरांनी विचारलं, काय झालं. तिने सांगितलं. मग शिंदे डॉक्टरांनी विचारलं. तिने परत सांगितलं, जरा कमी. मग पोलीसताई. मग गेले मी. खुर्ची ओढली, गोड आवाज काढला आणि म्हटलं, "सोनी, मला सांगशील, काय झालं?"

ती चादरीच्या काठाची घडी घालत राहिली. मग तिने सिस्टरांना काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"विचारतेय, तुमचा आणि डॉक्टरांचा अबोला आहे का?"

"अबोला?"

सोनी पुढे बोलत होती, सिस्टर खाली बघून सांगत होत्या. "त्यांच्या घरी आईबापांचा अबोला असला की दोघं हिलाच पाठवतात. जा, त्याला सांग. जा, तिला सांग. म्हणते, तुमच्याकडे पण तसंच दिसतंय."

मी उठले आणि शिंदे डॉक्टरांना बोलावून आणलं. ते आले, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले आणि तिच्या देखत मला सगळं सांगू लागले. सिस्टर तिच्या कानात पावरीत सांगत होत्या. ती केळं खात ऐकत होती. डॉक्टर "उजवा हात" म्हणाले तेव्हा तिने नकारार्थी मान हलवली आणि डावा वर केला. बाकी सगळं तिला पटलं. आमचं बोलणं अर्ध्यावर आलं तोवर ती सिस्टरांच्या मांडीवर झोपली होती.

पुढे बाल कल्याण समितीसमोर तिची मावशी आली. हसरी बाई, सोनीला बघताच रडली. समितीने मुलगी तिच्याकडे दिली. हात बरा झाल्यावर मावशी न्यायला आली, तेव्हा आम्ही सगळे दवाखान्याच्या दारात उभे होतो. जीप सुरू झाली. सोनीने सिस्टरांना खिडकीजवळ बोलावलं, त्यांच्या कानाशी लागली आणि माझ्याकडे आणि डॉक्टरांकडे बघत काहीतरी सांगितलं.

जीप गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, हे दोघं परत बोलेनासे झाले तर मला निरोप धाड."